धोंड्याच्या महिन्यातलं इंजेक्शन

शालन गेली त्या सकाळी मी दुकानात होतो. गुढीपाडवा होऊन आठवडा झाला होता. काउंटरला दोन गिऱ्हाइकं होती. एकाला बीपीच्या गोळ्या हव्या होत्या, दुसरी बाई मुलाच्या खोकल्याचं औषध मागत होती. त्यांच्या मागं आमच्या शेजारच्या तानूबाई येऊन उभ्या राहिल्या. मी दुकानात गेलो की दुपारपर्यंत त्याच शालनजवळ बसायच्या.

"काय संपलं? पावडर का?" मी विचारलं.

"तुमचं होऊ द्या," त्या म्हणाल्या.

मी गोळ्यांची स्ट्रिप कापली, पाकिटात घातली, सुट्टे परत दिले. खोकल्याचं औषध किती चमचे द्यायचं ते त्या बाईला दोनदा समजावलं. ती गेल्यावर तानूबाई पुढं आल्या.

"बोला."

"काय बी नको नाना. घरी चला."

तेवढ्यावर मला कळलं. तरी मी ड्रॉवरला कुलूप लावलं, मालकांना हाक मारली, चपला घातल्या. वाटेत तानूबाई म्हणाल्या, "च्या मागितला हुता. मी करून आणस्तोवर..."

आमची एकुलती एक मुलगी उज्ज्वला तामिळनाडूत, सेलमला असते. आमच्या विट्याच्या बाजूची निम्मी घरं अशीच देशभर पांगली आहेत. जुने दागिने गाळून त्यातलं शुद्ध सोनं, चांदी वेगळी करून द्यायचा त्यांचा धंदा. जावई जयसिंगराव त्यातलेच. दोघं मुलींना घेऊन गाडीनं निघाली ती दुसऱ्या दिवशी उजाडताना पोचली.

उज्ज्वला आईच्या पायांवर पडली. "आई, मी ओवीला तुझ्याकडं द्यायला नको होतं गं. माझ्यामुळं झालं."

बायकांनी तिला धरलं. कुणी म्हणालं, वेळ आली होती. कुणी म्हणालं, सुटली बिचारी. धाकटी ओवी तेव्हा पाचची होती. ती दाराशी आईची ओढणी घट्ट धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी म्हणालो, "उज्ज्वला, तुझा काही दोष नाही."

त्यापुढं एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही. त्या वाक्याची गोष्ट आदल्या वर्षीच्या धोंड्याच्या महिन्यात सुरू झाली.

मी चौतीस वर्षं एकाच मेडिकल दुकानात काउंटरला होतो. दुकान धन्यकुमार शेठचं. शिक्षण माझं अकरावी नापास, पण चिठ्ठी हातात आली की डॉक्टर कोण ते अक्षर न वाचताही सांगायचो. म्हाताऱ्या बायकांची हाडं दुखायला लागली की आमच्या पेठेतले डॉक्टर इनामदार कॅल्शियम लिहायचे. मनगट मोडलेलं असो नाहीतर नुसती कंबर धरलेली असो, कॅल्शियम. ज्यांना मुलं सांगलीला दाखवायची, त्यांच्या चिठ्ठीवर सहा महिन्यांनी घ्यायचं महागडं इंजेक्शन असायचं. एक डॉक्टर सगळ्यांना रोज पोटात टोचायचं पेन लिहायचे, त्यांच्याकडं कंपनीची गाडी सारखी उभी असायची. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी होती, महिन्याला शे-दोनशे रुपयांत भागणारी. ती फार थोडे लिहायचे. आणि पुरुषाला हाडाचं औषध लिहिलेलं मी चौतीस वर्षांत पाच-सहा वेळाच बघितलं असेल.

शालनला आधी तीच गोळी दिली होती. अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा सांगलीच्या डॉक्टर मगदूमांनी हाडांची तपासणी करून ती लिहिली. सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. शालनला जुनं आम्लपित्त. तीन आठवड्यांत छातीत आग व्हायला लागली, गिळवेना. मग मगदूम म्हणाले, इंजेक्शन घेऊ. सहा महिन्यांनी एक, दंडात, कातडीखाली.

किंमत ऐकून शालन म्हणाली, "तेरा हजार? जावई सोनं गाळतोय आन् सासू सोनं टोचून घेतीया."

इंजेक्शन सांगलीहून बर्फाच्या डब्यात यायचं. शेठच्या ताकाची लोटी बाजूला करून मी ते दुकानच्या फ्रीजमध्ये ठेवायचो आणि इनामदारांच्या नर्सकडून टोचून घ्यायचो. अशी पाच झाली. पाचवं दिवाळीनंतर, कार्तिकात. त्यानंतरची तारीख मेच्या सोळाला होती. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. धोंड्याचा महिना लागला तो त्याच दिवशी.

आमच्याकडं धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावतात. पुरणाचे धोंडे करतात, जावयाला तेहतीस अनारसे आणि वाण देतात. तीन वर्षांनी एकदा येणारी गोष्ट. आधीच्या अधिकात आम्ही तांब्याचं ताम्हण दिलं होतं. जयसिंगरावांच्या आईनं ते चार बायकांत हातात घेऊन म्हटलं होतं, "तांबं बी चांगलंच असतंय की." उज्ज्वलानं हे आम्हाला कधी सांगितलं नाही. तानूबाईंच्या बहिणीनं ऐकलं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात एक एमआर दुकानात आला. कंपन्यांची औषधं डॉक्टर-दुकानदारांना सांगत फिरणारी ही पोरं, आमच्याशी त्यांची गट्टी असते.

"नाना, काकूंचं इंजेक्शन आणलं का?" तो म्हणाला.

"आणायचंय."

"थांबा जरा. ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीचं येतंय. निम्म्यात मिळेल. औषध तेच."

"ऑगस्ट म्हणजे तीन महिने लांबेल."

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही किती पेशंट बघितलेत."

ते खरं होतं. मी बघितले होते. पहिलं इंजेक्शन सगळ्या घ्यायच्या. दुसरं निम्म्या. चौथ्या-पाचव्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरायच्या. बाकीच्यांचं काय झालं म्हणून मी कधी काळजी केली नाही. काही झालं असतं तर चिठ्ठी घेऊन आल्याच असत्या की.

त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा शालन अनारशांसाठी तांदूळ भिजत घालत होती.

"या वेळचं इंजेक्शन जरा पुढं ढकलू," मी म्हणालो. "ऑगस्टात स्वस्त येतंय. आणि आता हातात पैसे आहेत त्यात चांदीचं निरांजन घेऊ."

तिनं पाण्यातला हात तसाच ठेवला. "निरांजन? चांदीचं?"

"दोन घेऊ. जोडी."

"आन् पाठ?"

"पाठीला काय झालंय? तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. शिंगाडे मास्तरांच्या बायकोनं चार घेतली आणि बंद केलं. दोन वर्षं झाली. काय झालं त्यांना?"

"मला काय म्हाईत? लई दिवसांत दिसल्या न्हाईत."

"बऱ्या असतील म्हणूनच दुकानात येत नाहीत."

ती थोडा वेळ तांदूळ ढवळत राहिली. मग म्हणाली, "एक फोन लावा मगदूम डॉक्टरला. ते हो म्हणालं तर माझी ना न्हाई."

"लावतो उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला गेलो. ताटावर बसल्या बसल्या तिनं विचारलं, "लावला फोन?"

"लावला. दोन-तीन महिने उशीर झाला तर चालतंय म्हणाले."

"आसं म्हणालं?"

"हो."

तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी घातली.

निरांजनं आम्ही पेठेतल्या सोनाराकडून घेतली. शालन दुकानात बसून एकेक हातात घेऊन बघत होती. तिला पिंपळपानाच्या दांड्याची जोडी आवडली.

जूनच्या सुरुवातीला उज्ज्वला, जयसिंगराव आणि मुली आल्या. शालननं दीडशेवर अनारसे तळले होते. त्यातले तेहतीस निवडून ताटात लावले, वर निरांजनं ठेवली. जयसिंगराव पाटावर बसले. तिनं त्यांना ओवाळलं. त्यांनी एक निरांजन उचललं आणि धंद्याच्या सवयीनं उलटं करून बुडाला अंगठा घासला.

"मामा, नव्वद टंचाची हाय चांदी. चांगली हाय."

"अहो, देवासमोर तरी कारखाना सोडा," उज्ज्वला म्हणाली. सगळे हसले.

जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ ओसरीत येऊन बसले. हळूच म्हणाले, "कशाला खर्चात पडलासा मामा? आमच्या घरात चांदी किलोनं पडून असती."

"रीत आहे," मी म्हणालो.

"रीत तांब्यात बी हुती की."

ते मनापासून बोलत होते. माणूस सरळ आहे, मी आजही म्हणतो.

आतून शालनचा आवाज येत होता. उज्ज्वला विचारत होती, "आई, तुझं इंजेक्शन झालं का?" शालन म्हणाली, "ऑगस्टात हाय. डॉक्टर म्हणालं चालतंय."

ऑगस्टात ते स्वस्त इंजेक्शन आलं नाही. एमआर म्हणाला, सप्टेंबर धरा. मी सप्टेंबर धरला.

गौरी बसल्या त्या दिवशी उज्ज्वला सासरच्या गावाहून हळदीकुंकवाला आमच्याकडं आली. सासूनं गौरीसाठी म्हणून तिला सेलमहून बोलावलं होतं. तिच्या एका हातात ओटीची पिशवी, दुसऱ्या कडेवर ओवी. ओवी झोपेतून उठलेली, रडकुंडीला आलेली.

"आई, जरा हिला धर गं, मी चप्पल काढते."

शालननं हात पुढं केले. ओवीला घेतलं. कडेवर बसवताना ती मागं जराशी वाकली आणि कट् असा आवाज आला. वाळकी काटकी पायाखाली यावी तसा. मी ओसरीत होतो, मला ऐकू आला. शालन ओवीला धरूनच खाली बसली. पडली नाही, बसली. मुलगी तिनं सोडली नाही.

"आई गं," ती म्हणाली, आणि नंतर बराच वेळ तिला श्वासच घेता येईना.

दुसऱ्या दिवशी गाडी करून आम्ही तिला सांगलीला नेलं. उज्ज्वला ओवीला घेऊन बाहेर बाकावर बसली. आत मी, शालन आणि डॉक्टर मगदूम. त्यांनी एक्सरे उजेडापुढं धरला आणि पेनानं एकेक मणका मोजला.

"तीन मणके दबून बसलेत," ते म्हणाले. "हे दोन कालचे नसावेत. पंधरा-वीस दिवसांपासून पाठ दुखत होती का?"

"दुखत हुती," शालन म्हणाली. "गौरीचं काम हुतं. त्यानं दुखतीया म्हटलं."

मला ती काही बोलली नव्हती.

"शेवटचं इंजेक्शन कधी झालं?"

शालन म्हणाली, "कार्तिकात."

"मग मे महिन्यातलं?"

"तुम्हीच म्हणालासा न्हवं, दोन-तीन महिनं चालतंय? ह्यांनी फोन केलता की तुम्हाला."

डॉक्टरांनी एक्सरे खाली ठेवला. "मी म्हणालो?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. शालननंही मान वळवता येईल तेवढी वळवून माझ्याकडं बघितलं. मी टेबलाच्या कडेला हात धरून उभा होतो. टेबलावर काच होती आणि काचेखाली डॉक्टरांच्या मुलाचा फोटो होता. मी तो फोटो बघत राहिलो.

शालननं डोळे छताकडं फिरवले. "माझ्याच ऐकण्यात चुकलं असंल," ती म्हणाली. "वय झालं आता."

डॉक्टर मला पडद्याच्या पलीकडं घेऊन गेले. हळू आवाजात बोलले.

"जगन्नाथराव, तुम्ही फोन केला नव्हता."

"नाही."

"का?"

मे महिन्यात शालननं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात मी फोन उचलला होता. नंबर फाईलवर होता. पण डॉक्टर नको म्हणाले असते तर निरांजन राहिलं असतं, आणि मला ते द्यायचं होतं. शिवाय चौतीस वर्षं मी काउंटरवरून माणसांना सांगत आलो होतो. ही नाही, ती घ्या, चालतंय. दोन दिवस नसली तरी चालतंय. मला वाटायचं मला कळतं. मी फोन ठेवून दिला.

"हे औषध बाकीच्यांसारखं नाही," डॉक्टर म्हणाले. "ती गोळी बंद केली तरी हाडात काही दिवस तिचं काम चालू राहतं. याचं तसं नाही. हे थांबलं की जे कमावलं ते भराभर जातं. कधी कधी मणकेच्या मणके बसतात. तारीख चुकवायचीच नसते. थांबवायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं द्यावं लागतं."

"दुसरं म्हणजे?"

"वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं असतं. तीन-चार हजारांत मिळतं. पोटाचा त्रास नाही त्याला. पैशाची अडचण आहे एवढं बोलला असतात तरी मी तेच दिलं असतं."

तीन-चार हजारांची ती बाटली आमच्या फ्रीजशेजारच्या कपाटात होती. वर्षाला दोन-तीन खपायच्या. मी स्वतः पुसून ठेवायचो.

"तारीख चुकवू नका हे तुम्ही आम्हाला सांगितलं होतं?" मी विचारलं. भांडायला नाही. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

डॉक्टरांनी फाईल उघडली. "फाईलवर लिहिलंय," ते म्हणाले. "तोंडानं सांगितलं का... बाहेर साठ पेशंट असतात. मला आठवत नाही."

आम्ही बाहेर आलो तेव्हा उज्ज्वला उठून पुढं आली. डोळे सुजलेले.

"डॉक्टर, मुलीला उचलल्यामुळंच झालं ना?"

डॉक्टरांनी आधी माझ्याकडं बघितलं. ते दोन-तीन क्षण थांबले. मी बोलावं म्हणून थांबले, हे मला नंतर कळलं. तेव्हाही कळलंच होतं.

"उचलणं हे निमित्त झालं," ते म्हणाले. "हाडं आधीच ठिसूळ होती."

तिनं त्यातलं पहिलंच वाक्य घेतलं. ओवी बाकावर बसून पाय हलवत होती, ती हलवायची थांबली. त्यानंतर ती कधी कुणाच्या कडेवर बसली नाही. जयसिंगराव उचलायला गेले तर ओरडायची.

शालन घरी आली. पट्टा बांधून थोडं बसायची, मग आडवी व्हायची. डॉक्टरांनी नवीन औषध सुरू केलं, त्याचे पैसे जयसिंगरावांनी न विचारता पाठवले. पण हिवाळ्यात आणखी एक मणका बसला. पाठीला बाक आला. देवाच्या फळीला हात पोचेना म्हणून तानूबाईंनी देव खाली पाटावर आणून ठेवले.

त्या दिवसांत एकदा शिंगाडे मास्तर दुकानात आले.

"नाना, हवेच्या गादीचा व्हॉल्व्ह मिळेल का? गेल्या साली तुमच्याकडूनच नेलीय."

"कुणासाठी हो मास्तर?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. "आमच्या हिच्यासाठी. दीड वर्ष झालं, आडवीच आहे. पाठीचे मणके गेले. मध्ये पावडर, मलम, सगळं तुमच्याकडूनच नेतोय की."

खरंच होतं. गादी मी दिली होती, पावडर मी देत होतो. इंजेक्शनवाल्या शिंगाडेबाई आणि हवेच्या गादीवाल्या शिंगाडेबाई एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. जी बाई परत आली नाही ती बरी झाली, असं मी धरत होतो. ती यायला उठूच शकत नव्हती. तिच्यासारख्या किती, ते मला माहीत नाही. मी व्हॉल्व्ह दिला. पैसे घेतले, सुट्टे परत दिले.

माघात एके दुपारी मी शालनला पेज भरवत होतो. तिनं चमचा हातानं बाजूला केला.

"एक इचारू? फोन लावलाच न्हवता न्हवं?"

"नाही."

"मला त्याच दिवशी वाटलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला बी निरांजन द्यायचं हुतं," ती म्हणाली. "तिच्या सासूच्या डोळ्यापुढं ठेवायचं हुतं एकदा."

मी वाटी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "पर पोरीला सांगा. उगं जिवाला लावून घेतीया. फोनवर बोलली की रडती. आन् त्या बारक्या पोरीला बी सांगा, तुझ्यामुळं न्हाई म्हणून."

"सांगतो."

"मी हाय तवर सांगा. म्हंजी तुमच्यावर चिडली तर मी हाय मधे."

"सांगतो म्हटलं ना."

"बरं. आना ती पेज."

पाडव्याला उज्ज्वलाचा फोन आला होता. शालननं मला डोळ्यांनी खूण केली. मी म्हणालो, "आल्यावर समोर बोलतो, फोनवर नको." आठ दिवसांनी तानूबाई काउंटरसमोर येऊन उभ्या राहिल्या.

तेराव्यानंतर मी दुकानातून कायमचा निघालो. शेठ म्हणाले, "घरी बसून काय करणार?" मी म्हणालो, "काही नाही." शिंगाडेबाई पुढच्या पावसाळ्यात गेल्या. मी मयताला गेलो.

या वर्षी, आठ वर्षांनी, पुन्हा अधिक ज्येष्ठच आला. मार्चमध्ये उज्ज्वलाचा फोन आला. पाच वर्षांमागं तिची गर्भाची पिशवी काढली, तेव्हापासून तिची हाडं झिजत होती. गेल्या वर्षी मोरीत घसरून मनगट मोडलं. सेलमच्या डॉक्टरनं तिला तेच इंजेक्शन सुरू केलंय, दोन झालीत.

"आप्पा, तिसरं बरोबर मेमध्ये येतंय," ती म्हणाली. "आम्ही तेव्हा तिकडं असणार. धोंडे आहेत, दोन लग्नं आहेत. परत गेल्यावर घेतलं तर? दीड-दोन महिने उशीर होईल."

"नाही. निघायच्या आधी डॉक्टरांना विचार आणि तारखेला घे."

"आईच्या वेळी डॉक्टर चालतंय म्हणाले होते ना? आई बोलली होती मला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आप्पा?"

"तारीख चुकवायची नसते."

"मग आईला कसं काय चालतंय म्हणाले?"

"आल्यावर बोलू," मी म्हणालो.

ती दोघं मुलींना घेऊन आली. तारखेचं इंजेक्शन तिनं सेलमच्या डॉक्टरांना विचारून, बर्फाच्या डब्यात बरोबर आणलं होतं. इनामदारांच्या डॉक्टर मुलाकडून ते टोचून घेतलं, मी सोबत गेलो होतो. धोंडे तानूबाईंनी केले. वाणाला मी तांब्याचं ताम्हण दिलं. त्यात उज्ज्वलानं ती निरांजनांची जोडी ठेवली. ती तिनं सेलमहून आणली होती, घासून लख्ख करून.

ओवी आता बारा वर्षांची आहे. एका सकाळी मी पाण्याची बादली उचलायला गेलो तर ती धावत आली आणि माझ्या हातातून कडी ओढून घेतली. "आजोबा, तुम्ही उचलू नका. मी आहे ना." तिचा चेहरा घाबरलेला होता. मी तिला म्हणालो, "अगं, अर्धीच आहे." ती म्हणाली, "तरी नको."

त्याच दिवशी दुपारी उज्ज्वला भाजी निवडता निवडता म्हणाली, "आप्पा, तुम्ही काहीतरी बोलणार होता."

मी तिच्यासमोर बसलो होतो. घरात आम्ही दोघंच होतो. ती थांबली, मेथीची काडी हातात धरून.

"विसरलो बघ," मी म्हणालो.

काल ती सगळी सेलमला परत गेली. पुढच्या इंजेक्शनची तारीख मी माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, आठ दिवस आधी फोन करीन. मी डॉक्टरांना फोन केला नव्हता, हे उज्ज्वलाला अजून सांगितलेलं नाही. ओवीलाही नाही.